तळाचा प्लग

थोरलीने पान्यावर अंगातलं सगळं बळ लावलं, दातओठ खाल्ले, आणि पाना सटकून तिची बोटं रेडिएटरच्या खालच्या पट्टीवर आपटली. ट्रकखाली उताणी पडल्या पडल्याच तिने अशी काही शिवी हासडली की ओट्यावर वाटाणे सोलत बसलेल्या सासूबाईंची मान वर झाली.

"काय म्हणालीस?"

"तुम्हाला नाही, आई. प्लगला."

"प्लगला आईबाप असतात होय गं?" असं म्हणून सासूबाई पुन्हा वाटाण्यांकडे वळल्या.

सकाळचे दहा वाजले होते. थोरलीने बोटं तोंडात घालून चोखली, पदर कमरेला आणखी घट्ट खोचला आणि परत पाना लावला. प्लग जागचा हलेल तर शपथ.

हे घर मधमाश्यांवर चालायचं. घरामागच्या उतारावर बासष्ट पेट्या, पुढच्या अंगणात हा म्हातारा ट्रक आणि मधल्या खोल्यांत तीन माणसं: सासूबाई, थोरली आणि थोरलीचा नवरा. धाकटी सून कधीच नवऱ्याबरोबर दूर निघून गेली होती, पण थोरलीचं थोरलीपण काही सुटलं नव्हतं. इकडचा फुलोरा आता संपला होता. घाटापलीकडच्या फळबागा नुकत्या फुलायला लागल्या होत्या, आणि तिथल्या बागवाल्याने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "उद्या उजाडायच्या आत पेट्या झाडांखाली लागल्या पाहिजेत. नाहीतर मी दुसऱ्याला बोलावतो." म्हणजे आज सूर्य बुडला, माश्या घरी परतल्या, की पेट्यांची दारं बंद करायची, पेट्या ट्रकवर चढवायच्या आणि थेट निघायचं. एकदा दारं बंद केली की मधे थांबायचं नाही. गाडी चालती असली की वारा लागतो, माश्या शांत असतात. गाडी थांबली की आत गोंधळ उडतो, पेटी तापते आणि माश्या गुदमरतात.

गेल्या वर्षी नेमकं तेच झालं होतं. हाच घाट, हाच ट्रक आणि स्टिअरिंगवर थोरलीच. दुसऱ्या वळणापासून इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकायला लागला, तिला दिसत होतं. पण तिने विचार केला, एवढा चढ संपवू, माथ्यावर पोचलो की उतारच आहे. तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफेचा लोट आला आणि गाडी बसली. अडीच तास. सकाळी पेट्या उघडल्या तेव्हा एक्केचाळीस पेट्यांतून मेलेल्या माश्या मुठीमुठीने खाली पडल्या. थोरलीने त्या पेट्या स्वतःच्या हाताने रिकाम्या केल्या, एकाही माणसाला हात लावू दिला नाही.

सासूबाईंनी तेव्हा एकच वाक्य उच्चारलं होतं: "दामटली हिने गाडी." मग वर्षभर तेच वाक्य वेगवेगळ्या कपड्यांत घरात फिरत राहिलं. चहा उतू गेला तरी "दामटलास वाटतं गॅस". थोरलीने उलट उत्तर कधी दिलं नाही, कारण तिला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं. कितीतरी वेळा ती मनातल्या मनात त्या दुसऱ्या वळणावर जाऊन गाडी बाजूला घ्यायची, थोडं थांबायची, इंजिन निववायची. पण असल्या थांबण्याने मेलेली एक माशी तरी परत येते का?

या वर्षी नवऱ्याने परस्पर भाड्याचा ड्रायव्हर ठरवून टाकला. थोरली तेव्हा पहिल्यांदा तटकन म्हणाली, "गाडी मी नेणार. माझ्या हातून गेल्यात, माझ्याच हातून पलीकडे पोचतील." शेवटी सासूबाईंनी निवाडा दिला: संध्याकाळपर्यंत गाडी तापत नाही असं डोळ्यांदेखत दाखव, मग खुशाल जा. नाही जमलं तर ड्रायव्हर जाईल आणि तू घरात बसशील. थोरली म्हणाली, ठरलं.

म्हणून ती ट्रकखाली होती. गाडीचा नेहमीचा मिस्त्री पाय मोडून प्लास्टरमध्ये पडला होता, पण त्याच्या जिभेला प्लास्टर नव्हतं. तो फोनवरून सांगायचा आणि फोन थोरलीच्या कानाजवळ मातीत पडलेला असायचा.

"वहिनी, होस काढला?"

"खालचा रबरी होस काढला. पाणी आलं. चहासारखं."

"तेवढ्याने भागायचं नाही. होसचं तोंड रेडिएटरच्या टाकीच्या तळापासून चार बोटं वर आहे. खरा गाळ त्याच्या खाली बसलाय. तळाचा प्लग उघडल्याशिवाय तो निघणार नाही, आणि निघाला नाही तर चढावर परत वर येऊन नळ्यांत बसेल. मी गेल्याच वर्षी दादांना सांगितलं होतं, रेडिएटर धुवून घ्या म्हणून."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, बघू."

बघू! थोरलीच्या नवऱ्याचं अर्धं आयुष्य त्या एका शब्दावर चाललेलं. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पेटीपुढे बसला की तासन् तास बोलायचा नाही, अंगावर माश्या बसल्या तरी झटकायचा नाही. पण घरातली कुठलीही नड दिसली की आधी बघू आणि मग हाताशी असेल ते लावून वेळ मारून न्यायची. दाराची कडी तारेने बांधलेली, खुर्चीचा पाय सुतळीने. थोरलीला एके काळी त्याचं कौतुक वाटायचं.

तो आत्ताही ट्रकच्या चाकापाशी उकिडवा बसला. "अगं, होसमधून पाणी काढलंस ना? नवं भर आणि सोड तो प्लग. उगाच पिरगाळायला जाशील आणि टाकीला चीर पडेल. मग आहे ती गाडीही जायची हातची."

"मिस्त्री म्हणतात उघडायलाच हवा."

"मिस्त्रीचं काय जातंय झोपून सांगायला?"

"दादा, मला ऐकू येतंय," फोन म्हणाला.

नवरा उठून गेला. थोरलीने प्लगवर गंज सोडवायचं तेल मारलं आणि अर्धा तास मुरू दिलं. हातोडीने टाकीला धक्का लागणार नाही अशा बेताने चारी बाजूंनी टिचक्या दिल्या. मग परत पाना. प्लगच्या डोक्याचे कोपरे झिजायला लागले, पितळेचा पिवळा चुरा तिच्या गालावर पडला, पण प्लग ढिम्म. साडेअकरा झाले. बारा झाले. तिच्या मानेत कळ आली, दंड थरथरायला लागले. सासूबाई आत जाताना म्हणाल्या, "ड्रायव्हरला दुपारच्या आत फोन करायला हवा. मागून तो दुसरीकडे गेला तर आपले हाल."

"संध्याकाळपर्यंत म्हणाला होतात, आई."

"म्हणाले होते खरी," असं म्हणून त्या घरात गेल्या, पण फोन त्यांनी केला नाही. तेवढं त्यांचं चोख होतं.

"मिस्त्री, बत्ती लावून तापवू का?"

"अजिबात नाही!" फोन एवढ्या जोराने ओरडला की थोरली दचकली. "टाकीच्या सांध्याचा डाग वितळेल, तळ सुटून हातात येईल. उकळतं पाणी घ्या, त्यात फडकं बुडवा आणि प्लगला गुंडाळा. सारखं बदलत राहा. धीर धरा, वहिनी."

धीर तर धरलाच होता. तिने पातेलंभर पाणी उकळलं, चिमट्याने फडकं पिळून प्लगभोवती गुंडाळलं, निवलं की दुसरं. तिसरं फडकं काढताना तिचा हात मधेच थांबला.

वास आला. तेलाचा नाही, गंजाचा नाही. थंडीच्या दिवसांनंतर पहिल्यांदा पेटी उघडली की येतो तो वास. गोडसर, थोडा कडू.

थोरलीने नाक प्लगजवळ नेलं. मग नखाने प्लगच्या कडेला खरवडलं. नखात तपकिरी, चिकट काहीतरी आलं. तिने ते बोटांत चोळलं आणि तिला जराही शंका उरली नाही. ही राळ होती. झाडांच्या कळ्यांवरचा चीक गोळा करून माश्या जिने पेटीच्या फटी बुजवतात, ती राळ. पेट्या साफ करताना ती खरवडून निघते आणि या घरात डबेच्या डबे भरून पडलेली असते.

ट्रकच्या रेडिएटरमध्ये माश्या काही जाऊन बसल्या नव्हत्या.

पण त्याचा विचार करायला तिला सवड नव्हती, कारण दुसरी गोष्ट आधी डोक्यात आली: राळ असेल तर आपण सकाळपासून उलटं करतोय. राळेशी झगडण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. ऊन वाढल्यावर पेटीचं झाकण काढायला जा, राळ ताणली जाते, चिकटते, तुमचा जीव जातो पण झाकण निघत नाही. तेच झाकण पहाटेच्या गारठ्यात पट्टीने उचकटलं की कट् करून सुटतं. गारठली की राळ काचेसारखी फुटते. हे कुठल्या मिस्त्रीला कुठून माहीत असणार?

"अहो!" तिने हाक मारली. "फ्रीजमधला बर्फ आणा. सगळा आणा!"

नवरा बर्फाचं भांडं घेऊन आला. "बर्फ कशाला? आता तर गरम करत होतीस."

"आत राळ आहे."

भांडं तिच्या हातात देताना ते कलंडलं आणि दोन तुकडे मातीत पडले. थोरलीने ते पाहिलं. बर्फ फडक्यात बांधून तिने प्लगवर दाबून धरला. पाणी कोपरापासून काखेपर्यंत ओघळत गेलं, बोटं बधिर झाली, तरी तिने फडकं सोडलं नाही. नवरा तिथेच उभा होता. ट्रकखालून तिला त्याच्या चपला दिसत होत्या. त्या पंधरा मिनिटं जागच्या हलल्या नाहीत.

मग तिने पेटी उघडायची पट्टी प्लगच्या कडेने फिरवली, पाना बसवला, आणि नेहमीसारखं ताणून न ओढता पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एकच झटका दिला.

कट्.

प्लग पाव आटा फिरला. थोरलीच्या तोंडून "अगंबाई!" एवढंच आलं. उरलेले आटे तिने बोटांनीच सोडवले. पाणी मात्र आलं नाही. भोकात बूच बसल्यासारखा राळेचा बोळा होता. तिने पट्टीने तो उकरून काढला तेव्हा त्याच्यामागून काळा, जाड गाळ भळाभळा तिच्या हातावर आला, आणि त्यात राळेचे लहानमोठे गोळे. पाण्याबरोबर तापून, वितळून, नळ्यांच्या तोंडाशी जाऊन बसलेले गोळे. बोळ्यात मध गाळायच्या फडक्याची चिंधीही होती.

सासूबाई काही ट्रकखाली शिरणाऱ्या नव्हत्या. मिस्त्री हे करणार नाही. ती स्वतः हे करणार नाही. थोरली सरपटत बाहेर आली, उभी राहिली आणि बोळा नवऱ्यापुढे धरला.

"कधी भरलात हा?"

त्याने खाली पाहिलं. "गेल्या वर्षी. निघायच्या आदल्या दिवशी. प्लगमधून ठिबकत होतं, मिस्त्री बाहेर गेलेला. म्हटलं, माश्यांची घरं हिच्यावर टिकतात, एक थेंब आत जात नाही. एवढं काय ते प्लगचं..."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"तू म्हणाली असतीस, काय हे जुगाड. लाज वाटली."

"ते राहू दे. गाडी तापली तेव्हा मी घाटातून फोन केला. तेव्हा तुम्हाला सुचलं की नाही?"

तो चपलेने माती उकरत राहिला आणि उत्तर तिला कळून चुकलं. तरी ती थांबली. तिला ते ऐकायचं होतं.

"तेव्हाच सुचलं," तो म्हणाला. "फोन खाली ठेवायच्या आत."

"आणि आई म्हणाल्या, दामटली हिने."

"मी म्हटलं, आज नको, उद्या सांगू. मग उद्या तू त्या पेट्या रिकाम्या करत होतीस. तुझ्याकडे बघवत नव्हतं. मग जितके दिवस गेले तितकं तोंड उघडणं कठीण होत गेलं. रोज वाटायचं आज सांगावं."

थोरलीला इतका राग आला की डोळ्यांपुढे अंगण हललं. एक अख्खं वर्ष. जेवताना, झोपताना, पेट्यांपुढे बसताना ती स्वतःला खुनी समजत आली होती, आणि हा माणूस तिच्याच ताटाशेजारी बसून भात कालवत होता! तिला हातातला पाना फेकावासा वाटला. त्याच्यावर नाही तर निदान भिंतीवर तरी. पण सावल्या लांबायला लागल्या होत्या.

"मला आत्ता भांडायला वेळ नाही," ती म्हणाली. "भांडणार आहे, पण आत्ता नाही. मेण वितळवायचं मोठं पातेलं चुलीवर ठेवा. धुण्याचा सोडा टाका, पेट्यांच्या चौकटी घासायला टाकतो तेवढा. पाणी खळखळून उकळलं पाहिजे. पळा."

तो पळाला. लग्नानंतर इतका जोरात धावताना तिने त्याला पाहिलं नव्हतं.

"वहिनी," मातीतला फोन हळू आवाजात म्हणाला, "मी ठेवू का आता?"

"ठेवू नका. सोडा चालेल ना?"

"पितळेच्या रेडिएटरला चालेल. फक्त हात सांभाळा. आणि वहिनी... मी काही ऐकलं नाही."

सोड्याचं पाणी भरून, प्लग तात्पुरता लावून तिने इंजिन अर्धा तास चालवलं. निवू देऊन पाणी सोडलं तेव्हा तपकिरी साबणासारखा फेस आला, पेट्यांचा वास अंगणभर पसरला आणि वाट चुकलेल्या दोन माश्या चौकशीला आल्या. दुसऱ्यांदा सोडा, दुसऱ्यांदा काढला. मग बागेचा पाईप खालच्या तोंडाला लावून उलट्या बाजूने स्वच्छ पाणी सोडलं. नवरा बादल्या वाहत होता, ती सांगेल ते करत होता. पाचव्या खेपेला पाणी नितळ आलं. थोरलीने ते ओंजळीत घेऊन उन्हात धरलं, तरी खात्रीसाठी सहावी खेप केलीच. मग आटे घासून, टेप गुंडाळून प्लग बसवला, होस आवळला, नवं कूलंट भरलं.

साडेचारला इंजिन चालू करून तिने सासूबाईंना हाताला धरून केबिनपाशी आणलं. "हा काटा बघत बसा. तास दीड तास. लाल पट्टीकडे गेला तर मीच ड्रायव्हरला फोन करते."

सासूबाई खरोखरच खुर्ची टाकून बसल्या. काटा मध्यावर आला आणि तिथेच राहिला. थोरलीने इंजिनाचा वेग वाढवला, पाच पाच मिनिटं गरगरवलं, काटा केसभर हलला आणि परत मध्यावर आला. प्लगखाली ठेवलेला कागद कोरडा होता.

"थंड आहे हो," सासूबाई शेवटी म्हणाल्या. "जा तू. पण बाई, चढावर दामटू नकोस या वेळी तरी."

थोरलीने इंजिन बंद केलं. नवरा उतारावर पेट्यांपाशी होता. तिने त्याला हाक मारून बोलावलं. आवाज चढवला नाही.

"अजून अर्ध्या तासाने माश्या घरी येतील. दारं बंद केल्यावर मला एक मिनिट थांबता येणार नाही. तेव्हा आईंना काय सांगायचं ते आत्ता सांगा. माझ्यासमोर सांगा."

त्याने सांगितलं. अडखळत, हात चोळत, पण कुठलीही गोष्ट न गाळता. राळ, चिंधी, फोन, वर्षभराचं गप्प बसणं, सगळं. शेवटी म्हणाला, "एक्केचाळीस पेट्या माझ्यामुळे गेल्या, आई. हिची काही चूक नव्हती."

सासूबाईंच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. त्यांनी मुलाकडे पाहिलं, सुनेच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं, उठल्या आणि घरात निघून गेल्या. थोरली त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. एवढं होऊनही एक शब्द नाही? पण उजेड विझत होता. ती पेट्यांकडे गेली.

शेजारची दोन माणसं मदतीला आली. बासष्ट दारं बंद झाली, बासष्ट पेट्या चढल्या, दोर आवळले गेले. पेट्यांवर हात ठेवला की आतली गुणगुण तळव्याला लागत होती. नवऱ्याने कपड्यांची पिशवी आणली, पलीकडचं दार उघडलं आणि थबकला. सीटवर सासूबाई बसल्या होत्या. अंगावर शाल, पायात बंद चपला, मांडीवर पाण्याची बाटली. गेल्या दहा वर्षांत त्या ट्रकमध्ये चढल्या नव्हत्या.

"आई, ही माझी जागा," तो म्हणाला.

"आज नाही. तू घरी थांब आणि विचार कर."

"तुझे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी बघते. दार लाव."

त्याने दार लावलं आणि वळसा घालून थोरलीच्या खिडकीपाशी आला. "मला माफ..."

"आत्ता नाही," थोरली म्हणाली. "मी फार रागावलेय. परत आले की बोलू, आणि तेव्हा बघू म्हणालात तर याद राखा. आता फाटक उघडा."

तो फाटक उघडायला गेला. थोरलीने किल्ली फिरवली. सासूबाई समोरच्या काचेकडे बघत होत्या.

"वर्षभर टोचत राहिले मी तुला," त्या म्हणाल्या. "उठता बसता. चुकलं माझं. तू एकदा तरी उलट बोलायचंस गं."

"मलाही तसंच वाटत होतं, आई. की मीच मारल्या."

"नाही मारल्यास," सासूबाई म्हणाल्या. "तू नाही मारल्यास."

दिवसभर पाना सटकला, बोटं फुटली, नवऱ्याचं ते सगळं ऐकलं, तेव्हा थोरली रडली नव्हती. आत्ता मात्र तिला हुंदका आवरेना. गाडी फाटकातून बाहेर पडत होती आणि तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. सासूबाईंनी शालीच्या टोकाने तिचे डोळे पुसले, आधी डावा, मग उजवा.

"रड," त्या म्हणाल्या, "पण रस्ता बघ."